चष्म्याच्या घरातलं मशीन

बाबांचं साखर मोजायचं मशीन एका जुन्या चष्म्याच्या घरात असायचं. मशीनबरोबर मिळालेली झिपची पिशवी त्यांनी पहिल्याच दिवशी टाकून दिली, का ते विचारायची कुणाची टाप नव्हती. गिरगावातल्या आमच्या दोन खोल्यांत रोज सकाळी ते मशीन वाजायचं, बाबा आकडा मोठ्याने सांगायचे आणि तो ऐकून आई पोह्यांत बटाटा घालायचा की नाही ते ठरवायची. आकडा जास्त आला की बाबा पेनचं टोपण काढून स्वतःच इन्सुलिन टोचून घ्यायचे. फोर्टातल्या एका कचेरीत त्यांनी जन्मभर दुसऱ्यांचे हिशेब तपासले. माणसांवर त्यांचा विश्वास बेताचाच, मशीनवर मात्र पूर्ण.

गेल्या वर्षी आईने त्यांना स्वतःची किडनी दिली. शरीराने ती नाकारू नये म्हणून बाबांची प्रतिकारशक्ती औषधांनी दाबून ठेवावी लागते. तेवढी संधी साधून एक विषाणू त्यांच्या फुप्फुसात शिरला आणि आम्ही परळच्या हॉस्पिटलात येऊन पडलो. विषाणूवरचं औषध चालू होतंच. त्याच्या जोडीला इम्युनोग्लोब्युलिन द्यायचं ठरलं, म्हणजे रक्तदात्यांच्या रक्तातून काढलेली तयार प्रतिकारशक्ती, शिरेतून, अगदी सावकाश.

डॉक्टरीणबाईंनी आई आणि मला बाहेर पॅसेजमध्ये उभं करून सगळं नीट समजावलं. थंडी वाजली, डोकं ठणकायला लागलं, दम लागला, लघवी कमी झाली, तर लगेच सिस्टरला बोलवायचं. मग त्या म्हणाल्या, "आणि शुगर घरच्या मशीनवर अजिबात बघायची नाही. आम्हीसुद्धा रक्त लॅबमध्येच पाठवणार. या औषधात माल्टोज नावाची वेगळी साखर असते. काही मशीनना ती आणि रक्तातली साखर यांतला फरक कळत नाही. आकडा भलताच मोठा दिसतो, पेशंट घाबरून इन्सुलिन घेतो आणि खरी शुगर पार खाली जाते. जिवावर बेतू शकतं."

मी आत जाऊन बाबांना शब्दन् शब्द सांगितला. त्यांनी मान डोलावली. आमचं सांगणं एका कानाने ऐकून दुसऱ्याने सोडताना ते अशीच मान डोलावतात.

"मशीन कुठंय?" मी विचारलं.

"घरी."

दुपारी औषध सुरू झालं. माझ्या पायाला भिंगरी आहे असं घरात म्हणतात, ते काही खोटं नाही. एक थेंब पडायचा आणि पुढचा पडायचाच नाही असं वाटायचं. मी खिडकीशी जायची, परत यायची, बाबांच्या कपाळाला हात लावायची, औषधाच्या पंपावरचा आकडा वाचायची. शेवटी सिस्टर वैतागली. "मॅडम, हे असंच स्लो द्यायचं असतं. तुम्ही जरा चहा पिऊन या ना." आई खुर्चीत पेंगत होती. मी खाली गेले. अर्धा कप चहा तसाच ठेवून वर आले.

बाबा पलंगावर बसले होते. मांडीवर चष्म्याचं घर उघडं होतं, त्यात मशीन. सदऱ्याचं टोक वर केलेलं, आणि हातात पेन, टोपण काढलेलं.

"बाबा! ठेवा ते खाली!"

"ओरडू नकोस, आई उठेल. घशाला कोरड पडली म्हणून बघितलं. तीनशे अडुसष्ट आहे, हे बघ."

"डॉक्टरांनी काय सांगितलंय?"

"हे मशीन माझ्याशी कधी खोटं बोललेलं नाही."

"तुम्ही बोललात ना पण माझ्याशी! घरी आहे म्हणालात!"

आई दचकून उठली. मी पेन जवळजवळ हिसकावलंच. सिस्टर धावत आली, तिने त्यांना आडवं केलं, रक्त काढलं आणि तातडीने लॅबला पाठवलं. बाबा छताकडे बघत म्हणाले, "आणि खरंच तेवढी असली तर? स्टेरॉइड चालू आहेत मला. मग जबाबदार कोण, तू?"

मी भयंकर घाबरले होते. स्टेरॉइडने त्यांची साखर याआधी चढली होती, मी स्वतः पाहिली होती. मशीन खरं बोलत असेल तर मी त्यांचं औषध हिसकावून घेतलं होतं. दारापासून खिडकीपर्यंत किती फेऱ्या मारल्या देव जाणे. आई मात्र बाबांच्या पायावरची चादर सारखी करत बसली.

सिस्टर रिपोर्ट घेऊन आली. "एकशे चार. एकदम नॉर्मल."

बाबांनी तिला आकडा पुन्हा विचारला. मग मशीनकडे पाहिलं. त्यांचा चेहरा इतका उतरला की माझा राग कुठल्या कुठे गेला. ते पेन त्यांनी टोचलं असतं तर साखर उतरून ते कुशीवर ग्लानीत पडले असते, आणि झोपलेत म्हणून आम्ही दोघींनी आवाजसुद्धा केला नसता.

तेवढ्यात आई उठून पलंगाशी गेली. किडनी दिल्यापासून तिने त्याचा कधी चुकूनही उच्चार केला नव्हता. कुणी कौतुक करायला लागलं तर ती चहा टाकायला आत निघून जायची.

"अहो," ती म्हणाली, "तुमच्या पोटात माझीही एक वस्तू आहे. यापुढे मला विचारल्याशिवाय काही टोचून घ्यायचं नाही."

बाबांनी चष्म्याचं घर मिटलं आणि तिच्यापुढे धरलं. आईने ते घेतलं, तरी त्यांची बोटं जरा वेळ त्यावरच होती. मग त्यांनी ते सोडलं.