दुरुस्ती क्रमांक अकरा

कोकणातला माणूस एक वेळ नोकरीवर पाणी सोडेल, पण गणपतीला गावी गेल्याशिवाय राहायचा नाही. आमच्या चाळीतले परुळेकर काका मात्र ओळीने अकरा वर्षं गेले नाहीत. अंधेरीच्या एका औषध कंपनीत ते कारकून होते आणि वर्षाची सगळी रजा विधानसभेला वाहायचे. मार्चमधलं अर्थसंकल्पी अधिवेशन आणि जुलैतलं पावसाळी अधिवेशन, दोन्हीकडे त्यांची हजेरी ठरलेली. नागपूरला जाणं जमत नसे, म्हणून हिवाळी अधिवेशनाची कात्रणं कापून वहीत चिकटवायचे. काकू नळावर सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायच्या, "ह्येंका गणपतीक गावाक जावक रजा गावणा नाय, आणि थंय मंत्र्यांची तोंडा बघूक बरी गावता!"

आमची चाळ पार्ले पूर्वेला. दोन मजले, तीस खोल्या, गोमती निवास असं भारदस्त नाव आणि खाली सामाईक नळ. काकांची खोली वरच्या मजल्यावर कोपऱ्यात, तिला लागून आमची. उंच, किडकिडीत माणूस, पांढरा बुशशर्ट, खिशात दोन पेनं. त्यातलं एक लाल. रविवारी सकाळी गॅलरीत खुर्ची टाकून ते मांडीवर एखादं विधेयक उघडायचे आणि लाल पेनाने खुणा करत बसायचे. दूध आणायला जाणारा माणूस थांबला की त्याला पकडायचे. मी बऱ्याचदा आपणहून पकडली जायचे, कारण त्यांच्याइतकं मजेशीर बोलणारं चाळीत दुसरं कुणी नव्हतं.

"शैले, उद्देश आणि कारणं वाचू नकोस," ते मला सांगायचे. "ती लग्नातल्या फोटोसारखी. सगळे हसतायत, रुसलेली आत्या फोटोत नाहीच. तू परंतुक वाच. 'परंतु' या शब्दानं सुरू होणारा खालचा परिच्छेद. कलम सगळ्यांसाठी असतं, परंतुक कुणाच्या तरी मेव्हण्यासाठी!"

मी तेव्हा तेवीस वर्षांची, अंधेरीच्याच एका कारखान्यात मराठी-इंग्रजी टायपिस्ट. कायद्यातलं मला ओ की ठो कळत नव्हतं. काकांनी ते शिकवलं. तारांकित प्रश्न म्हणजे काय, लक्षवेधी कधी लावतात, एकच विधेयक तीनदा का वाचतात. अध्यक्षांचा आवाज काढून "सन्माननीय सदस्यांनी खाली बसावे" असं ते म्हणाले की गॅलरीत खेळणारी पोरंसुद्धा खरोखर खाली बसायची. आणि मंत्र्यांच्या आश्वासनांविषयी त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. "आश्वासन म्हणजे रस्त्यात भेटलेल्या नातेवाइकाचं 'या एकदा जेवायला.' तारीख कोणी सांगत नाही."

त्यांना एकच गोष्ट डाचायची. प्रेक्षक गॅलरीचा पास. तो आमदाराच्या सहीशिवाय मिळत नसे, म्हणून काका सकाळी सातला आमच्या आमदारांच्या दाराशी जाऊन उभे राहायचे. कधी सही मिळायची, कधी "साहेब आंघोळीला गेलेत." मिळाला तरी पास तासाभराचा. तास भरला की शिपाई येऊन खांद्याला बोट लावायचा आणि उठावं लागायचं. "नेमके मंत्री उत्तराला उभे राहतात आणि माझा तास भरतो," ते सांगायचे. "अकरा वर्षांत एक चर्चा मी सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकलेली नाही गं." हे ते हसत सांगायचे आणि मीही हसायचे. त्या हसण्याआड केवढी भूक होती ते मला कळलं नाही. कळायला हवं होतं.

मग ते विधेयक आलं. आमच्या मालकाला चाळ पाडून इमारत बांधायची होती, आणि अशाच चाळींसाठी सरकार कायदा करत होतं. भाडेकरूला त्याच जागेवर नव्या इमारतीत घर मिळणार, असं त्यात होतं. चाळ खूश झाली. काकांनी रविवारी ते विधेयक उघडलं, खालचं परंतुक वाचलं आणि लाल पेन खाली ठेवलं. घर फक्त ज्याच्या नावावर भाडेपावती आहे त्यालाच मिळणार होतं.

चाळीत अशी सहा कुटुंबं होती, ज्यांच्या पावत्या दुसऱ्याच कुणाच्या नावावर होत्या. त्यातलं एक आमचं. आमची पावती होती बाबांच्या गिरणीतल्या एका सोबत्याच्या नावावर. तो गावी गेला तो गेलाच, आणि आम्ही सतरा वर्षं त्या खोलीत राहत होतो. माझं सगळं बालपण त्या खोलीत गेलं, आई त्याच खोलीत गेली. कायद्याच्या लेखी आम्ही तिथं नव्हतोच.

बाबा घाबरले. मुलुंडला त्यांच्या मावसभावाची खोली रिकामी होत होती. तो बडोद्याला बदलून चालला होता आणि कुणीतरी घरचं माणूस तिथं राहावं अशी त्याची इच्छा होती. त्याला महिनाअखेरपर्यंत उत्तर हवं होतं. बाबा काकांना विचारायला गेले.

"अजिबात जायचं नाही," काका म्हणाले. "आपण दुरुस्ती आणू. 'ज्याच्या नावावर पावती आहे असा' याच्या जागी 'प्रत्यक्ष राहत असलेला'. एवढाच बदल. आपल्या आमदारांनी मांडायची. उपनगरातल्या सगळ्यांना हे जाचतंय, सरकारच्या बाजूचे आठ-दहा जणसुद्धा आत्ता आपल्या बाजूनं बोलतायत. अधिवेशन होईपर्यंत थांबा, गोविंदराव. माझ्यावर विश्वास आहे ना?"

बाबांनी मुलुंडची खोली सोडायचं ठरवलं. विश्वास आहे का, हा काय प्रश्न झाला?

ती दुरुस्ती मी टाइप केली. ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत, डबा बाजूला ठेवून, चार प्रती. काकांनी एकेक शब्द तीनतीनदा बदलला. आमदारांच्या घरी आम्ही दोघं मिळून गेलो. आमदार माणूस बोलायला गोड. "परुळेकर, तुम्ही म्हणजे आमची डिक्शनरी यार," असं म्हणून त्यांनी काकांच्या पाठीवर थाप मारली आणि सही केली. आठवड्याभरात छापील यादी आली. दुरुस्ती क्रमांक अकरा. चाळीत कुणीतरी पेढे आणले. यादीत नाव लागलं म्हणजे पास झालो, अशी शाळेतली सवय. काकांनी सगळ्यांना समजावलं की ही नुसती दाखल झालीय, मंजूर व्हायचीय. पण पेढा त्यांनीही खाल्ला.

"एक लक्षात ठेव," ते मला म्हणाले, "मतदानाला टाकायला लावायची. जिंकली तर प्रश्नच मिटला. हरली तरी ती मांडली गेली, कोण विरोधात होतं ते सगळ्यांना दिसलं. पण मागे घेतली, तर ती कधी नव्हतीच." हे त्यांचे शब्द. मी माझ्या मनचं काही घालत नाही.

त्यानंतरच्या दोन आठवड्यांत काका जरा बदलले. रविवारी गॅलरीत खुर्ची आली नाही. आमदारांकडे काम असतं, म्हणायचे. काकू खुशीत सांगत होत्या की साहेबांनी ह्यांना अधिवेशनापुरतं हाताशी घेतलंय, कागदपत्रं बघायला. आम्हाला बरंच वाटलं. आपला माणूस आत गेला, अजून काय हवं? विधेयक ज्या दिवशी यायचं होतं त्याच्या आदल्या संध्याकाळी मी विचारलं, "काका, मी येऊ का उद्या?" ते चपला घालत होते. "कशाला ऑफिस बुडवतेस? मी सांगतो ना घरी आल्यावर."

मी तरीही गेले. ऑफिसातल्या आमच्या साहेबांच्या ओळखीने दुपारी तीन ते चारचा पास मिळाला. नवं विधानभवन होऊन तेव्हा फार वर्षं झाली नव्हती. मी पहिल्यांदाच आत जात होते आणि काकांनी इतकं सांगितलं होतं की कुठे काय आहे ते मला तोंडपाठ होतं. वर बसले, खाली पाहिलं. काका माझ्या आसपास प्रेक्षकांत असतील म्हणून शोधत होते, तर ते खाली, अधिकाऱ्यांच्या कक्षात बसलेले. खिशाला नवा कोरा पास लावलेला. रंगच वेगळा. अख्ख्या अधिवेशनाचा पास.

कलम पुकारलं गेलं. आमचे आमदार उभे राहिले, दोन मिनिटं पोटतिडकीने बोलले. मंत्री उठले आणि म्हणाले, "सन्माननीय सदस्यांच्या भावनांचा शासन सहानुभूतीपूर्वक विचार करील." आमदारांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला आणि वाचला. मंत्रिमहोदयांच्या आश्वासनाचा आदर राखून मी माझी दुरुस्ती मागे घेण्याची अनुमती मागतो. अध्यक्षांनी विचारलं, "दुरुस्ती मागे घेण्यास सभागृहाची अनुमती आहे काय?" "आहे, आहे," असे दोन-चार आवाज आले, आणि पुढचं कलम सुरू झालं. सतरा वर्षं अर्ध्या मिनिटात संपली. काका खाली बघून काहीतरी टिपून घेत होते.

शिपायाने खांद्याला बोट लावलं तेव्हा मी उठले. बाहेर फुटपाथवर दोन तास उभी राहिले. सहाच्या सुमाराला काका बाहेर आले, मला बघून थबकले.

"आलीस तू."

"तो कागद कोणी लिहून दिला, काका?"

ते खोटं बोलले नाहीत. एवढं श्रेय मी देते. "मी लिहिला," ते म्हणाले. "साहेबांचं वरती बोलणं झालं होतं. ते मागे घेणारच होते, मी लिहिलं नसतं तर दुसऱ्यानं लिहिलं असतं. निदान आश्वासन नीट नोंदवून तरी घेतलं. ते आता आश्वासन समितीकडे जाईल, तिथून..."

"कधीपासून माहीत होतं?"

"दहाएक दिवस."

दहा दिवसांपूर्वी मुलुंडची खोली अजून गेली नव्हती. बाबांनी त्यानंतर दोन दिवसांनी नकाराचं पत्र टाकलं होतं, आणि ते टाकण्याआधी याच माणसाला दाखवलं होतं. काकांनी त्यातला एक शब्दही दुरुस्त केला होता. हे सगळं मला त्या फुटपाथवर एकदम आठवलं.

"मंत्र्यांनी तारीख सांगितली का, काका?" मी विचारलं.

त्यांनी मान खाली घातली. मग खालच्या आवाजात, जणू मीच त्यांना समजून घेईन अशा भरवशाने म्हणाले, "शैले, आज मला कोणी उठवलं नाही गं. सकाळी अकरापासून बसलो होतो. सगळं ऐकलं. अगदी शेवटपर्यंत."

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि चेहरा आनंदाने फुललेला होता. तसा चेहरा मी नंतर कुणाचाच पाहिला नाही. मला त्यांना मारावंसं वाटलं.

माणूस वाईट नव्हता, असं लिहून मोकळं व्हायची मला घाई नाही. मालकाने किंवा मंत्र्याने दगा दिला असता तर आम्ही शिव्या घालून झोपलो असतो, त्यांच्याकडून अपेक्षाच नव्हती. पण ज्याने मला परंतुक वाचायला शिकवलं, त्यानेच ते आम्हाला लागू होऊ दिलं, एका पासासाठी. त्यांच्या स्वतःच्या खोलीची पावती त्यांच्याच नावावर होती. यावर मी इतकी वर्षं विचार केलाय आणि दर वेळी तेवढाच राग येतो. त्यांचा आवाज, ते लाल पेन, ती आत्या आठवली की हसूही येतं, आणि त्या हसण्याचा वेगळा राग येतो.

चार महिन्यांनी मालकाची नोटीस आली. मी बाबांना काहीच सांगितलं नव्हतं. का नाही, ते मला नीटसं माहीत नाही. आई गेल्यावर त्यांना चाळीत बोलायला एक परुळेकरच होते, हे एक कारण. बाबा ती नोटीस घेऊन काकांकडेच गेले. काकांनी ती चष्मा लावून वाचली, एकेक ओळ समजावून सांगितली आणि म्हणाले की यात आता काही करता येणार नाही. बाबांनी घरी येऊन मला सांगितलं, "बिचाऱ्यांना फार वाईट वाटलं गं. चहासुद्धा घेतला नाही."

वाकोल्याला नाल्याच्या बाजूची एक खोली मिळाली. सामान हलवायच्या दिवशी काका आले. सकाळची वेळ, खाली टेंपो उभा, बाबा आणि दोन शेजारी मिळून आईचं लाकडी कपाट दारापर्यंत आणत होते. काका दारातच उभे राहिले. बाबांनी कपाट खाली टेकवलं, त्यांचे दोन्ही हात हातात घेतले आणि म्हणाले, "परुळेकर, तुम्ही होतात म्हणून आमचं गाऱ्हाणं तिथपर्यंत पोचलं तरी. आमच्यासाठी एवढं कोणी केलं नव्हतं."

काकांनी हात सोडवून घेतले नाहीत. बाबांच्या खांद्यावरून ते माझ्याकडे बघत होते, आता ही सांगणार म्हणून. इतके महिने मी काय काय बोलायचं ते मनात घोकत होते. सगळं तोंडाशी आलं. मी बाबांकडे पाहिलं. त्यांचा चेहरा इतका कृतज्ञ होता.

"काका," मी म्हणाले, "दारातून जरा बाजूला व्हा. कपाट खाली न्यायचंय."

ते बाजूला झाले.