गाठीमामांच्या एकवीस गाठी

आमच्या घरातल्या सहाही स्पीकरांच्या वायरींच्या गाठी मी पकडीने कापून टाकल्या. का, तर त्या दिसायला वाईट दिसत होत्या. याहून बरं कारण मी गेले सहा महिने शोधतो आहे, अजून सापडलेलं नाही.

त्या गाठी मारणाऱ्या माणसाला आम्ही गाठीमामा म्हणत असू. वसईच्या किल्ल्यापलीकडच्या कोळीवाड्यातला हा माणूस. अर्धं आयुष्य होडीवर गेलं. पुढे कमरेने दगा दिला, तेव्हा तो लग्नमांडवात आणि चर्चच्या सणाला भोंगे बांधणाऱ्याच्या हाताखाली गेला, आणि तिथून लोकांच्या घरांत वायरी ओढायला लागला. धंदा बदलला, हात बदलले नाहीत. दुसरे वायरमन वायरीला चिठ्ठी चिकटवतात, हा गाठ मारायचा. पहिल्या खोलीच्या वायरीला एक गाठ, दुसरीच्या वायरीला दोन, असं. "कागूद कसर खाते," मामा म्हणायचे. "गाठ कोन खातं?"

दुसरी सवय म्हणजे ते कुणाला 'कसे आहात' असं विचारत नसत. दारात पाऊल टाकल्याटाकल्या, चपला पायातच, विचारायचे, "आवाज येतो?" एकदा अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, हॉस्पिटलात भेटायला आले, तेव्हाही कॉटपाशी उभं राहून हेच विचारलं. शेजारच्या कॉटवरचे गृहस्थ घाबरून म्हणाले, "हो हो, येतो."

पंचवीसेक वर्षांपूर्वी अण्णांनी त्यांच्याकडून आमच्या रो हाउसभर वायरी ओढून घेतल्या. जिन्याखालच्या कपाटात अँप्लिफायर, आणि हॉल, स्वयंपाकघर, अण्णांची खोली, मागचा संडासाकडचा बोळ, व्हरांडा, वरची खोली अशा सहा ठिकाणी दारावर एकेक स्पीकर. शिवाय खालच्या टीव्हीवर जे चालू असेल ते वरही दिसावं म्हणून एक जाड काळी वायर. मला तेव्हा नुकती नोकरी लागली होती आणि अक्कल यायची होती. पोस्टातून रिटायर झालेल्या माणसाला ही कसली चैन, असं मी मित्रांत म्हणालो होतो. नोकरी टिकली.

पुढे अण्णांची दृष्टी गेली. काचबिंदू. आता सहा वर्षं झाली. पण अण्णा घरात कधी चाचपडले नाहीत. पहाटे उठून रेडिओ लावायचे, सहाही दारांवर तो हळू आवाजात सुरू व्हायचा, आणि अण्णा त्या आवाजाच्या कडेकडेने घरभर फिरायचे. स्वयंपाकघरातला स्पीकर जरा घोगरा, बोळातला किनरा, व्हरांड्यातला पाऊस खाऊन खोकल्यासारखा. कुठलं दार कुठे आहे हे त्यांना कान सांगायचे. हे मला माहीत होतं. म्हणजे, रोज डोळ्यांसमोर होतं.

तर अशा घरात यंदा मी सुधारणा करायला घेतली. नवा अँप्लिफायर आणला, फोनवरून चालणारा. वरच्या खोलीत इंटरनेटची वायर न्यायची, नवा टीव्ही लावायचा, असा मोठा बेत. ऑफिसातून दोन दिवस रजा काढली. जिन्याखालचं कपाट उघडलं तर आत वायरींचा झुबका, आणि प्रत्येकीला गाठीच गाठी. मी त्या सगळ्या छाटल्या, वायरी एका मापाच्या केल्या, प्लास्टिकच्या पट्टीने जुडी बांधली आणि फोटो काढून बायकोला दाखवला.

"छान," शुभा म्हणाली. "आता यातली स्वयंपाकघराची कुठली?"

मी अण्णांना सांगितलं होतं, "अर्ध्या तासात रेडिओ चालू करतो." दुसरा दिवस उजाडला. वायरी आखूड झाल्यामुळे अँप्लिफायरपर्यंत पोचत नव्हत्या. खेचून जी पोचवावी ती कुठे वाजते ते कळत नव्हतं, कारण भलत्याच दोन तारा जोडल्या की नवा अँप्लिफायर रुसून बंद पडायचा. शेवटी मी हॉलमध्ये एक छोटा बिनतारी स्पीकर ठेवून मोठ्या आवाजात रेडिओ लावला.

अण्णा खोलीच्या दारापर्यंत आले. भिंतीला हात लावून उभे राहिले. म्हणाले, "रेडिओ हॉलमध्ये आहे ते कळलं. मी कुठे आहे?"

मग ते खुर्चीत जाऊन बसले, ते बसलेच. दुपारचा चहा त्यांनी नको म्हटला. दुसऱ्या दिवशी सकाळचाही. मला वाटलं, रागावलेत. शुभाने मला मोरीपाशी गाठून हलक्या आवाजात सांगितलं, "रागावले नाहीत. चहा प्यायला की उठावं लागतं. बोळातून जावं लागतं. पाणीसुद्धा घोटभर पितायत. आज जा आणि मामांना घेऊन ये. मी तुला सांगतेय, विचारत नाहीये."

मामा ओटीवर जाळं विणत बसले होते. ऐंशीच्या पलीकडे गेलेले, गुडघे संपलेले. भिंतीवर मरियम माउलीची तसबीर, खाली प्लास्टिकच्या खुर्चीत ते. मला बघून म्हणाले, "आवाज येतो?"

"नाही," मी म्हणालो, आणि खिशातून गाठींची पिशवी काढली. शुभाने त्या केरात जाऊ दिल्या नव्हत्या.

मामांनी पिशवी मांडीवर उलटी केली. एकेक गाठ बोटांत फिरवून बघितली. मग म्हणाले, "साहेब, तू बिंग्या मासा हायस. जालं बगतो आनि त्याच्यातच शिरतो." असा मासा असतो की नाही मला माहीत नाही. विचारायची ती वेळ नव्हती.

रिक्षातून आणलं त्यांना. अँप्लिफायरकडे त्यांनी बघितलंही नाही. "घड्यालाचा सेल हाय काय?" भिंतीवरच्या घड्याळाचा सेल काढून दिला. मग अण्णांच्या खोलीकडे तोंड करून ओरडले, "अन्ना! मी सेल लावतो. कुठं वाजतं ते तुमी सांगायचं. कान तुमचं, वायर माजी."

त्यांनी पहिल्या वायरीच्या दोन तारा सेलच्या दोन टोकांना क्षणभर टेकवल्या. घरात कुठेतरी अगदी बारीक 'खट्' झालं. मला तर कुठून ते कळलंच नाही.

"व्हरांडा!" आतून अण्णांचा आवाज आला.

"पाच गाठी," मामा मला म्हणाले. "मार."

दुसरी वायर. "माझी खोली!" तिसरी. "बोळ! आणि मामा, तो स्पीकर सैल झालाय, कुरकुरतोय." मी जाऊन पाहिलं. खरंच एक स्क्रू निघाला होता. अण्णांचा आवाज एकेका वायरीगणिक मोठा होत गेला. चौथ्या वायरीला ते खुर्चीतून उठले होते. सहावीला, "वरची खोली! आणि चहा टाक गं शुभा," असं एका दमात म्हणाले. स्वयंपाकघरातून लगेच भांड्याचा आवाज आला. ती आधण ठेवूनच उभी होती.

वायरी आखूड झाल्या होत्या, म्हणून प्रत्येकीला हातभर नवा तुकडा जोडायचा होता. मी पकड मामांपुढे धरली. त्यांनी हात मागे घेतला. "जालं ज्यानं फाडलं त्यानं शिवायचं." मग मी जिन्याखाली उकिडवा बसून सहा जोड केले आणि सहा वायरींना एकवीस गाठी मारल्या. वरून मामांचं चालूच, "घट्ट. अजून घट्ट. ही गाठ हाय का जिलबी?"

टीव्हीची जाड वायर मी उपटणार, इतक्यात त्यांनी माझं मनगट धरलं. भिंतीतल्या नळीतून नवी वायर न्यायला तीच दोरी, हे माझ्या डोक्यातही नव्हतं. नव्या वायरीचं टोक जुनीच्या शेपटीला बांधलं, वरून शुभाने जुनी ओढली, आणि जुनी बाहेर येता येता नवी वर पोचली. मी खाली नुसता वायर सोडत बसलो होतो. त्या दिवसातलं माझं हे एकच काम निर्दोष झालं.

सगळं जोडून झाल्यावर मामांना विचारलं, "चिठ्ठ्यांना कसर लागते हे खरं, पण मग पेनाने खुणा का नाही केल्या?"

त्यांनी अण्णांच्या खोलीकडे मान वळवली आणि आवाज खाली आणला. "वायरी टाकल्या तवाच अन्नांना डाक्टरनं सांगितलं हुतं, एक डोला चाललाय, दुसरा जानार. घरात कोनाला बोलले नाय. मला बोलले, मामा, काम असं कर की मला बोटानं वाचता यायला पायजे. वायर सुटली तर कोन येनार? अन्नाच लावायचे. लाइट गेली तरी लावायचे."

पंचवीस वर्षं. आणि मी चैन म्हणालो होतो. तेवढ्यात शुभाने स्वयंपाकघरातून "पुन्हा चहा टाकते, नाक्यावरून दूध घेऊन ये" अशी हाक मारली आणि मी सुटलो.

रेडिओ सुरू झाला तेव्हा मामा आणि मी हॉलमध्ये होतो. अण्णा खोलीतून निघाले, भिंतीला हात न लावता बोळातून गेले, परत आले, स्वयंपाकघराच्या दारात थांबून म्हणाले, "थोडी साखर जास्त." शुभा ओट्याकडे तोंड करून डोळे पुसत होती. माझ्या छातीवरचा तीन दिवसांचा दगड उतरला, आणि दगड उतरला की मी फुशारतो हा माझा स्वभाव आहे.

म्हणून परवा मामांकडे गेलो. आता ते ओटीवरूनही फारसे उठत नाहीत, जाळं मांडीवर असतं, पण हात मध्येच थांबतात. मला बघून विचारलं, "आवाज येतो?"

"येतो तर! सहा महिने झाले मामा, एकही वायर सुटली नाही. मी मारलेल्या एकवीसच्या एकवीस गाठी अजून दगडासारख्या आहेत. अण्णा स्वतः चाचपून बघतात आणि हसतात."

मामांनी सुई जाळ्यात खोचली.

"हसनारच. तू दूध आनायला गेलास ना, तवा तुज्या सगल्या सोडून अन्नांनी आनि मी परत मारल्या."