चष्म्याची दुरुस्ती

चहा ओतण्यापूर्वी बाई समोरच्याचा कप हातात घेत, त्यात डोकावत आणि विचारत, "भांडं केवढं आहे?" कप डोळ्यांसमोर असे, त्याचे माप साऱ्या कचेरीला ठाऊक असे, तरीही हा प्रश्न झाल्याखेरीज थर्मासचे झाकण उघडत नसे. आपण एखाद्या ठिकाणी वर्षानुवर्षे काम केले असेल, तर अशी एक व्यक्ती आपल्याही पाहण्यात आली असेल. तिच्या सवयीला आपण हसतो आणि ती रजेवर गेली की दिवसभर काहीतरी चुकल्यासारखे वाटते.

खराडीतल्या आमच्या कचेरीत बाई शनिवार पेठेतून बस बदलून येत. यंत्रातल्या चहाला त्या "रंगीत पाणी" म्हणत. म्हणून थर्मास घरचा. आम्ही दोघे एकाच सुमारास नोकरीला लागलो. पुढे मी माणसांवर देखरेख करू लागलो आणि त्या प्रोग्रॅम लिहीत राहिल्या. यात बढती नेमकी कोणाला मिळाली, याविषयी माझ्या मनात आजही शंका आहे.

नव्या मुलांपैकी एकाने त्यांना एकदा सांगितले, "मॅम, हे अर्जंट आहे हं." बाईंनी मान वर केली नाही. "अर्जंट तुमचं असेल. माझं नीट असतं," एवढेच म्हणाल्या. मुलाला राग आला की गंमत वाटली, ते कळले नाही. पण दुसऱ्या दिवसापासून तो कप घेऊन त्यांच्याकडेच चहाला येऊ लागला.

बाईंनी लिहिलेल्या एका लहानशा प्रोग्रॅमला आम्ही 'चष्मा' म्हणत असू. काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करायची, की तो फाइल उघडून दाखवी. लिहायचे नाही, बदलायचे नाही, फक्त वाचायचे. अशा कामाचे इतर प्रोग्रॅम आमच्या यंत्रांवर मराठी मजकुराचे चौकोन करून टाकत. चष्म्यातून मात्र काना-मात्रेसह स्वच्छ दिसे. तळाच्या ओळीत फाइलचे नाव येई. बाईंचे बाकीचे सारे काम ग्राहकांच्या मालकीचे झाले होते. ही एकच वस्तू त्यांची स्वतःची होती आणि ती त्यांनी जगाला मोफत देऊन टाकली होती.

त्यांच्या निवृत्तीला थोडे महिने उरले असताना हडपसरला राहणाऱ्या एका विद्यार्थिनीची मेल आली. मुलगी नागपूरकडची होती. "तुमचा प्रोग्रॅम मला फार आवडतो, म्हणून मोडून पाहिला," असे तिने लिहिले होते. फाइलचे नाव मराठीत आणि लांबलचक असेल, तर चष्मा ते ठेवायला घेतलेल्या जागेबाहेर लिहीत सुटतो. शेजारच्या स्मृतीत सांडलेल्या त्या नावातून एखादा लबाड माणूस आपल्या आज्ञा यंत्रात घुसवू शकेल, हेही तिने करून दाखवले होते.

बाईंनी स्वतःचा प्रोग्रॅम उघडला आणि बराच वेळ एकाच ओळीकडे पाहत राहिल्या. नावासाठी शंभर घरे राखली होती, आणि नावात शंभराहून जास्त अक्षरे नाहीत ना, हेही तपासले होते. पण संगणकात इंग्रजी अक्षराला एक घर पुरते, मराठीचे एकेक अक्षर तीन घरे घेते. इंग्रजी नावांनी हे कधी उघडे पडले नसते. मराठीसाठी बांधलेल्या घरात मराठीच मावत नव्हती.

आयुष्यभर भांड्याचे माप विचारणाऱ्या बाईंचेच भांडे सांडले, ही थट्टा मुलांच्या ओठांवर आली असणार. कोणी केली नाही. मी हळूच म्हणालो, "होतं असं, बाई."

"होत नाही," त्या म्हणाल्या. "मी केलं."

वरिष्ठांनी निकाल दिला: सोमवारपर्यंत दुरुस्ती झाली तर ठीक, नाहीतर चष्मा सर्व यंत्रांवरून काढून टाकायचा. त्या दिवशी बाईंनी कपात न डोकावता चहा ओतला, आणि माझ्या कागदांवर सांडला.

मी सुचवले, शंभराच्या जागी हजार घरे ठेवावीत. "म्हणजे पुढच्या वेळी सांडेल ते जास्त सांडेल," त्या म्हणाल्या. मग लांब नाव सरळ तोडावे, असे सुचवून पाहिले. "अहो, अक्षराच्या मधोमध तुटलं तर? तुमच्या नावाचं असं केलेलं चालेल का तुम्हाला?" त्यांनी नाव किती घरांचे आहे ते आधी मोजले, तेवढीच जागा मागून घेतली, आणि जागा मिळाली नाही तर चष्म्याने नम्रपणे नकार द्यावा अशी सोय केली.

शनिवारी आम्ही सगळे चाचणीला बसलो. एकेकाने लांब नाव द्यायचे होते. बाईंचे होते 'सोसायटीच्या_सभेला_न_आलेल्या_सभासदांची_यादी_अंतिम_खरोखरच_अंतिम'. ते तळाच्या ओळीत सुखरूप उमटले, तेव्हा मुलांनी टाळ्या वाजवल्या. मग ती विद्यार्थिनी फोनवरून तासभर नाना युक्त्या लढवत राहिली आणि शेवटी म्हणाली, "आता नाही मोडत, मॅडम." बाईंनी चष्मा काढून पुसला, हा डोळ्यांवरचा.

जाहीर सूचनेचा मसुदा मी केला होता: 'क्वचित परिस्थितीत त्रुटी आढळली.' अशी वाक्ये मला सहज जमतात. कोणाचेच नाव न घेण्याला मी सौम्यपणा समजत आलो. बाईंनी ते पुसून लिहिले, "अक्षरे मोजली, जागा मोजली नाही. चूक माझी." खाली त्या मुलीचे आभार. सोमवारी वरिष्ठांनी ते वाचले आणि चष्मा राहिला.

निवृत्तीनंतरच्या पहिल्या सकाळी थर्मास त्यांच्या टेबलावरच दिसला. सर्वांच्या सामायिक फोल्डरमध्ये एक नवी फाइलही होती. बऱ्याच मंगळवारांनंतर मी थर्मासची आठवण करून द्यायला फोन केला, तेव्हा त्या म्हणाल्या, "मंगळवार म्हटलं होतं. कोणता, ते कुठे म्हटलं होतं?" आवाज ठणठणीत होता. थर्मास अजून इथेच आहे.

ती फाइल मी अधूनमधून चष्म्यातून उघडतो. आत काहीच नाही. सारा पडदा काळा, रिकामा. आणि तळाशी, शेवटच्या मात्रेपर्यंत अखंड, तिचे नाव: 'थर्मास_इथेच_ठेवला_आहे_मंगळवारी_नेईन_तोवर_काठोकाठ_भरू_नये'.