माझा जुना चॅम्पियन हळू निघाला, तरी जिंकणार तोच!

मंडळी, आज अंबरनाथ पश्चिमेला चहा पिताना माझा जुना दोस्त पक्या मला एका जुन्या वादात हरवायला निघाला होता.

नव्वदच्या आसपास आम्ही उल्हासनगरच्या व्हिडिओ पार्लरमध्ये बॉक्सिंगच्या कॅसेट बघायचो. माझा लाडका हेवीवेट बॉक्सर मूकपटांच्या जमान्यातला, त्याचा तेव्हाचा ताजा चॅम्पियन. दोघं भिडले तर? मी म्हणायचो, "माझ्यावाल्याचे हात बघ, मशीन आहे मशीन!"

आज पक्याने मोबाइलवर माझ्या चॅम्पियनची कॅसेटवाली तीच फाइट खऱ्या स्पीडने दाखवली. जुनी फिल्म कॅसेटवर उगाच जोरात पळायची म्हणे. माझा चॅम्पियन आरामात हात फिरवत होता.

"आता बोल!"

"अरे, एवढ्या हळू हाताने समोरचा आडवा झाला, म्हणजे ठोसा किती जड असेल!"

पक्याने फाइट परत पहिल्यापासून लावली. तुम्ही कोणाकडून?