बारशाच्या आधी येणाऱ्या काकू

स्टोअरच्या काकू कुणाच्याही बारशाला जात नसत. भोपाळच्या आमच्या कारखान्याच्या टाउनशिपमध्ये बाळ झालं की बारशाला अख्खा ब्लॉक जमायचा. नागपूरकडचे, पुण्याकडचे, बिहारी, मल्याळी, सगळे. काकू मात्र त्या दिवशी आपल्या क्वार्टरमध्ये कूलरसमोर पेपर वाचत बसलेल्या असायच्या. कुणी विचारलं तर म्हणायच्या, "बारशाला सगळेच येतात. तिथं माझं काय काम? मी आधीच येऊन गेलेली असते."

आणि ते खरं होतं. बाळंतीण दवाखान्यातून घरी आली की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, दुपारी, काकू दारात उभ्या राहायच्या. त्या वेळी घरात पाहुणे नसतात, नवरा शिफ्टला गेलेला असतो, आणि बाळंतिणीने केस विंचरलेले नसतात. पहिल्या खेपेला त्यांच्या हातात काही नसे. ना झबलं, ना खुळखुळा. "आधी बघते, मग आणते," असा त्यांचा शिरस्ता होता. कारखान्याच्या स्टोअरमध्ये त्यांनी तीस वर्षं क्लार्कची नोकरी केली होती. कुणी नुसतं मागितलं म्हणून तिथे सामान देत नाहीत, गरज आहे का ते आधी पाहतात. रिटायर झाल्यावर टेबल सुटलं, ही सवय सुटली नाही.

त्यांच्या क्वार्टरची मागची खोली म्हणजे आमच्या सेक्टरचं दुसरं स्टोअर. पाळणा, बाळाची मच्छरदाणी, रबरी चादरी, मऊ झालेली दुपटी, राईच्या उशा, कुंच्या, रबरी गरम पाण्याच्या पिशव्या. बदली होऊन गेलेल्या लोकांनी जाताना ठेवलेलं हे सामान. ते या घरातून त्या घरात फिरत राहायचं. कुणाकडे काय आहे याची त्या कुठेही नोंद करत नसत. आयुष्यभर रजिस्टर लिहिणाऱ्या बाईने हे करावं याचं मला नवल वाटे. एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "कुणाचं पोर किती मोठं झालं ते मला ठाऊक असतं. मग पाळणा कुठं आहे, हे लिहायचं काहून?"

मी लग्न होऊन या टाउनशिपमध्ये आले तेव्हा मला त्यांची थोडी भीतीच वाटायची. मी वाढले नाशिकला, शिकले इंग्रजी शाळेत, आणि स्वभावाने अशी की दुकानदाराने चुकीची वस्तू दिली तरी तीच घेऊन घरी येणार. काकू मूळच्या नागपूरच्या. त्यांचं बोलणं मोठं, थेट, अर्धं हिंदीत. संध्याकाळी फिरायला निघालेल्या काकू समोरून दिसल्या की मी फोन काढून कानाला लावायचे. पलीकडे कुणीही नसायचं.

माझी मुलगी, ईरा, झाली त्याच्या पंधरा दिवस आधी आईचा पाय मोडला. ती येऊ शकणार नव्हती. सासूबाई तर माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या. मी कुणाला काही बोलले नाही. फोनवर एक यादी शोधली आणि यादीतलं सगळं मागवलं. खोक्यांवर खोकी येत होती. बाटल्या उकळायचं यंत्र, दूध काढायचा पंप, बाबागाडी, बाळाला पोटाशी बांधायचा पट्टा, पाच प्रकारचे टॉवेल. समीर, माझा नवरा, म्हणाला, "आता आपल्याला कुणाचीच गरज नाही." मला ते ऐकून बरं वाटलं होतं.

आम्ही घरी आलो त्याच्या तिसऱ्या दिवशी काकू आल्या. मी दार उघडलं आणि लगेच सांगून टाकलं, "सगळं ठीक आहे काकू. सगळं सामान आहे."

"ते दिसून राहिलं," खोक्यांकडे बघत त्या म्हणाल्या, आणि चप्पल काढून सरळ आत आल्या.

मला वाटलं होतं, नवीन वस्तूंना त्या नावं ठेवतील. तसं झालं नाही. बाबागाडी अजून बांधलेलीच पाहून उलट रागावल्या. "हे काहून डब्यात ठेवलं? आपल्या सेक्टरसारखे सपाट रस्ते पूर्ण भोपाळमध्ये नाहीत. दोघी फिरा की!" डायपरची थप्पी पाहून म्हणाल्या, "हे चांगलं. आमच्या वेळी असतं तर मी दोन तास जास्त झोपली असती." मग त्यांच्या हाती बाळाचे लोकरी बूट लागले. त्यांनी ते बोटांवर चढवून टेबलावर चालवून दाखवले. "हे भंगार. चालता येईना, त्याला बूट!"

मी हसले. बऱ्याच दिवसांनी हसले असेन. तेवढ्यात काकू बोलता बोलता मागच्या अंगणात गेल्या. शेजारणीच्या सांगण्यावरून मी दिवसा कापडी लंगोट बांधत होते. दोरीवर ते वाळत होते. काकू दोरीसमोर उभ्या राहिल्या.

"बाकीचे घडी करून ठेवले का?"

"नाही काकू, एवढेच."

"सकाळपासून?"

"कालपासून."

दोरीवर चार लंगोट होते. धुणं कमी पडतं, याचं मला त्या दोन दिवसांत बरंच वाटलं होतं. मी अभिमानाने म्हणाले, "ती काही त्रासच देत नाही. रडतसुद्धा नाही फारशी. झोपूनच असते. माझ्यावर गेलीय, शांत आहे."

काकूंनी आत येऊन ईराच्या तळपायाला बोटाने गुदगुल्या केल्या. तिने पाय जेमतेम हलवला. ओठ कोरडे होते. मी ते सकाळपासून पाहत होते. पाहत होते, पण कुणाला विचारलं नव्हतं. विचारायचं म्हणजे फोन करायचा, फोन केला की कुणीतरी म्हणणार, एवढंही कळत नाही का. फोनमधल्या ॲपमध्ये मी प्रत्येक वेळी किती मिनिटं पाजलं ते भरत होते आणि तिथे हिरवी खूण येत होती. मी त्या खुणेवर विसंबून होते.

"चप्पल घाल," काकू म्हणाल्या.

"समीर आल्यावर जाऊ या का? सुटी व्हायला दोनच तास..."

"चप्पल घाल पोरी. माझ्याकडं सामान आहे, इलाज नाही. इलाज दवाखान्यात आहे."

ऑटोत त्यांनी ईराला मांडीवर घेतलं आणि दुसऱ्या हाताने माझं मनगट धरून ठेवलं. ऑटोवाल्याला म्हणाल्या, "भैया, धीरे चलाना. लेकिन जल्दी पहुँचाना." तो म्हणाला, "अम्मा, दोनों में से एक बोलो." त्या म्हणाल्या, "दोनों."

टाउनशिपच्या दवाखान्यात सिस्टरने ईराचं वजन केलं, काट्याकडे पाहिलं, आणि लगेच डॉक्टरांना बोलवायला गेली. जन्माच्या वेळेपेक्षा वजन बरंच उतरलं होतं. दूध मला होतं, पण ईराला नीट धरताच येत नव्हतं. ती तोंड लावून दमायची आणि झोपून जायची. ती भुकेने गळून गेली होती. मी त्याला तिचा स्वभाव समजत होते. डॉक्टरबाई म्हणाल्या, आज आणलंत ते बरं केलंत. त्यांनी तिला ठेवून घेतलं. दूध काढून वाटी-चमच्याने दर दोन तासांनी द्यायचं ठरलं. काकू परत घरी गेल्या आणि माझ्या खोक्यांतून तो पंप शोधून घेऊन आल्या. "हा तर कामाचा निघाला," म्हणाल्या. "बूट नाही आणले."

मी बाकावर बसले होते. रडू येऊ नये म्हणून समोरच्या भिंतीवरचा लसींचा तक्ता वाचत होते. शेवटी म्हणाले, "मला खरंच वाटलं, ती शांत आहे."

काकू माझ्या शेजारी बसल्या. "शांत असायला तिला पूर्ण आयुष्य पडलं आहे. आता तिनं रडायला पाहिजे," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे बघून, "आणि तूही."

मग मी रडले, दवाखान्यात, लोकांसमोर. येणारेजाणारे बघत होते. काकूंनी पदर वगैरे पुढे केला नाही, थोपटलं नाही. त्या नुसत्या माझ्यापुढे अशा सरकून बसल्या, की लोकांना मी दिसू नये.

दुसऱ्या दिवशी सकाळी ईरा रडली. वॉर्डाच्या दुसऱ्या टोकापर्यंत ऐकू गेलं असं रडली. कुणीतरी वैतागून विचारलं, "किसका बच्चा है?" व्हरांड्यातून काकूंचा आवाज आला, "हमारी है! रोने दो."

घरी परतल्यावर त्यांचा खरा तपास सुरू झाला. पाजताना ईराला कसं घ्यायचं ते सिस्टरने शिकवलं होतंच. काकूंनी मला पलंगावर बसायला सांगितलं आणि स्वतः समोर उभ्या राहून बघितलं. माझे पाय लोंबकळत होते, पाठीला आधार नव्हता, मी सगळी ईरावर वाकले होते. "एवढे खोके आले," काकू म्हणाल्या, "त्यात तुझं काय आहे? सगळं पोरीचंच. कारखान्यात मशीन आली की ती आधी उतरवत नाहीत. आधी जमिनीत फाउंडेशन घालतात. नाहीतर मशीन हलते. तुझे पाय हवेत आहेत, ती काय नीट पिईल?"

संध्याकाळी त्यांनी आणलेलं सामान असं: पाय ठेवायला एक बुटकं लाकडी बाकडं, कापसाची घट्ट उशी, पुढून उघडणारे दोन सुती गाऊन, आणि एका हाताने उघडता येईल अशी पाण्याची बाटली. बाकडं त्यांच्या यजमानांनी केलेलं होतं. कारखान्यात मोठाल्या पेट्यांतून यंत्रं यायची, त्या पेट्यांच्या फळ्यांचं. त्यांचा मुलगा झाला तेव्हा. त्यावर पाय टेकून मी पहिल्यांदा बसले तेव्हा माझे खांदे आपोआप खाली आले. ते इतके दिवस वर होते हे मला तेव्हा कळलं. ईरा वीस मिनिटं प्यायली. मी ॲप उघडलं नाही.

ती बाटली तर मला आजही सगळ्यात मोठी वस्तू वाटते. पाजायला बसलं की तहान लागते आणि त्याच वेळी दोन्ही हात अडकलेले असतात, हे कुठल्याच यादीत नव्हतं.

काकूंचे आभार मात्र मला कधी मानता आले नाहीत. मी फोनवर एक लांबलचक मेसेज लिहिला होता, इंग्रजीत, कारण मराठीत तो मला फार उघडा वाटला. तोही पाठवला नाही. नंतर एकदा धीर करून तोंडीच सुरुवात केली, "काकू, तुम्ही त्या दिवशी आला नसतात तर..." त्या म्हणाल्या, "आली नं पण?" आणि भेंडी निवडायला लागल्या.

दिलेली वस्तू परत न्यायला त्या तितक्याच बिनधास्त यायच्या. ईरा सात-आठ महिन्यांची झाली आणि काकू दारात. "बाकडं मोकळं झालं का? सोनागिरी कॉलनीत एकीला लागून राहिलं."

"अजून लागतं काकू," मी म्हणाले. माझ्याकडून ते जावं असं मला वाटत नव्हतं.

काकूंनी खिडकीकडे बघितलं. बाकड्यावर मनीप्लांट होता. "याला पाजते का?" त्या म्हणाल्या. कुंडी उचलून जमिनीवर ठेवली, बाकडं काखेत घातलं आणि गेल्या.

ईरा तीन वर्षांची असताना त्यांनी क्वार्टर सोडलं. यजमान गेल्यावर त्या एकट्याच राहत होत्या. गुडघे जिने चढू देत नव्हते, आणि नागपूरचा मुलगा तिकडेच राहायला बोलवत होता. मागची खोली त्यांनी आठवडाभरात रिकामी केली. पाळणा एका घरी, मच्छरदाण्या दुसऱ्या घरी, दुपटी दवाखान्याच्या सिस्टरकडे, बाकडं बाग सेवनिया भागात नुकत्याच राहायला गेलेल्या एका जोडप्याकडे. मी रोज मदतीला जात होते आणि रोज वाट बघत होते. मला त्यांनी काहीच दिलं नाही.

हबीबगंजला त्यांना गाडीत बसवायला आम्ही गेलो. स्टेशनचं नाव बदललं तरी आम्ही हबीबगंजच म्हणतो. ईराने खिडकीच्या गजांतून हात घालून त्यांच्या बांगड्या मोजल्या. मला राहवलं नाही. मी म्हणाले, "काकू, मला काही नाही ठेवलं?"

"तुला सामान काय करायचं? सामान तर आता घरपोच येते." त्या माझ्याकडे नीट बघत म्हणाल्या, "तू जात जा."

"मला नाही जमणार काकू. मला बोलताच येत नाही लोकांशी."

"बोलायला कोण सांगून राहिलं? मी बोलते, कारण मला गप्प बसता येत नाही. तू कोपऱ्यात बसून सगळं बघत असते. मी तीन वर्षं पाहून राहिली. त्याचा काही उपयोग कर की बापा."

गाडी हलली. त्यांनी हातबीत हलवला नाही. समोरच्या बाईच्या कडेवरचं मूल कितव्या महिन्याचं आहे, हे विचारायला त्यांनी सुरुवात केलेली मला दिसली.

त्यानंतर दोन महिन्यांनी आमच्याच ब्लॉकमध्ये वरच्या मजल्यावर एक मुलगी दवाखान्यातून बाळ घेऊन आली. ओडिशाची. मला तिचं नावही ठाऊक नव्हतं. तिसऱ्या दिवशी दुपारी मी वर गेले आणि तिच्या दारासमोर इतका वेळ उभी राहिले की पायऱ्यांवरचं मांजर उठून निघून गेलं. मग बेल दाबली.

तिने दार उघडलं. बाळ खांद्यावर होतं, चांगलं टपोरं, लाथा मारत होतं. तिचे केस एका बाजूला चिकटले होते. मागे टेबलावरच्या चहावर जाड साय धरली होती. न्हाणीघराच्या दारावर टॉवेल आणि धुतलेले कपडे टांगलेले होते, बहुधा सकाळपासून.

मी हात पुढे केले. तिने माझ्याकडे बघितलं, मग टॉवेलकडे, आणि बाळ माझ्या हातात दिलं. मी खुर्चीवर बसले. न्हाणीघराला आतून कडी लागल्याचा आवाज आला, बादलीत नळ सुटला, आणि बऱ्याच वेळाने, पाण्याच्या आवाजात, ती काहीतरी गुणगुणायला लागली.