पुसलेली नळी

लढाईच्या दिवसांत मी मुरबाडच्या गुरांच्या दवाखान्यात मलमपट्टी करणारा ड्रेसर होतो. बैलाला मुतखडा झाला की लघवी तुंबते आणि दोन-तीन दिवसांत जनावर जातं. आमच्या डॉक्टरसाहेबांनी त्यावर इलाज योजला होता. शेपटीखाली चीर द्यायची, रबरी नळी मूत्राशयात सोडायची आणि आठवडाभर तशीच ठेवायची. आधी तीन बोकडांवर करून बघू, म्हणाले. बोकड मागच्या पडवीत बांधले होते. त्यांना पाला मीच घालायचो.

नळी उकळून द्यायचं कामही माझंच. साहेबांनी बजावलं होतं, चिमट्याने धर, निथळू दे, कशानेही पुसू नकोस. पण आमच्या घरी पाहुण्याला ओलं भांडं कधी दिलं नाही. आई पेला पुसून मगच पुढे करायची. साहेबांच्या हातात टपटपणारी नळी द्यायची मला लाज वाटली. तिन्ही वेळा मी ती कापसाने पुसली. मोठा शहाणा ना मी.

आठ दिवसांत तिन्ही बोकड कण्हायला लागले. एक मेला. साहेबांनी तो फाडला, तर नळीभोवती मांस वाढून सुपारीएवढी टणक गाठ झालेली, आत पू. ती गाठ धुवायला माझ्याकडे दिली. पुवात कापसाचे तंतू होते.

"लढाईचा भिकार माल," साहेब म्हणाले. "हे रबर अंगाला मानवत नाही."

नोकरी जाईल या धास्तीने मी तंतू मोरीत वाहू दिले.

महिन्याभराने शहापूरच्या वाटेवरच्या पाड्यातला एक शेतकरी बैल घेऊन आला. भातलावणीची चिखलणी तोंडावर आलेली, आणि जोडीतला हा बैल फुगल्या पोटाने पाय झाडत होता.

"सायेब, तुमी नळी घालता म्हनं. याला घाला ना."

"बोकडांना सोसली नाही रे. उगाच हाल कशाला करू?" साहेबांनी औषध पाजलं.

कपाटात एक कोरी नळी होती. मला एकच वाक्य बोलायचं होतं. नाही बोललो. भेकड होतो, दुसरं काय. दुपारी बैलाचं मूत्राशय आतल्या आत फुटलं आणि तो मेला.

साहेब आत गेल्यावर शेतकऱ्याने मला विचारलं, "दादा, खरं सांगा, कायच उपाय नव्हता?"

"नाय," मी म्हटलं.

त्याने बैलाच्या डोळ्यांवरून हात फिरवला. "मला वाटलं, मीच आनायला उशीर केला," तो म्हणाला. मग उठून त्याने मला वाकून नमस्कार केला. मी तो घेतला.