राहिलेली मात्रा

पोलीस चौकीसमोरच्या भिंतीला लागून दोन टेबलं आहेत. एकावर माझं झेरॉक्सचं मशीन, दुसऱ्यावर भाऊंचा टाइपरायटर. लोकांच्या तक्रारी टाइप करून देणं हा भाऊंचा वीस वर्षांचा धंदा. त्यांच्यामागे मी त्यांना कानामात्रा म्हणते आणि त्यांना ते ठाऊक आहे. माणूस डोकं फुटून आला तरी हे आधी त्याचं वाक्य सरळ करणार. कुणी तळतळून शिव्या सांगितल्या, की हे लिहिणार, ‘अर्वाच्य भाषा वापरली.’ माझं डोकंच फिरायचं. अहो, शिवी ती शिवी!

त्या दुपारी भाऊ स्वतःच तक्रारदार झाले. त्यांची तेरा वर्षांची मुलगी शेजारी स्टुलावर, मान खाली घालून. मोबाइलवरच्या गेममध्ये ओळख झालेला कुणी ‘दादा’ दोन महिने तिच्याशी बोलत होता. गोड बोलून त्याने तिच्याकडून एक नको तसला फोटो मिळवला आणि आता आणखी मागत होता. सहापर्यंत पाठवले नाहीत तर पहिला फोटो शाळेत सगळ्यांना जाईल, अशी धमकी होती.

भाऊंनी अर्ज टाइप केला, चौकीत गेले आणि पाचच मिनिटांत उतरल्या तोंडाने परत आले. आतल्या मॅडम म्हणाल्या होत्या, “‘अश्लील मजकूर’ म्हणजे काय समजू मी? तो काय म्हणाला, ती काय म्हणाली, शब्दशः लिहून आणा. फोनमधलं काही पुसू नका. मी थांबते, पण लवकर करा.”

“ताई, माझ्या हातून नाही होणार हो,” भाऊ मला म्हणाले. “माझ्या पोरीला लिहिलेलं हे... मी कसं टाइप करू?”

“मग कोण करणार? साडेचार वाजलेत, बसा!” मी ओरडलेच. आतून मलाही रडू फुटत होतं.

मुलीने फोन पुढे धरला. भाऊ एकेक अक्षर बडवत राहिले. दोनदा उठले, चष्मा पुसला, पुन्हा बसले.

मग एका ओळीवर बोटं थांबली. घरी सांगणार तर नाहीस ना, असं त्या मेल्याने विचारलं होतं. खाली मुलीचं उत्तर होतं.

“बाबा, हे नको ना,” ती पुटपुटली.

भाऊंनी ती ओळ पुन्हा एकदा वाचली. मग तीही टाइप केली.

कागद काचेवर ठेवताना मी वाचलं: ‘बाबांना काही सांगितलं की ते माझे शब्द सुधारतात. एकत नाहीत.’

“भाऊ, ‘ऐकत’ची मात्रा राहिली,” माझ्या तोंडून निघून गेलं.

“राहू दे, ताई. तिने तसंच लिहिलंय.”

सहाला दहा मिनिटं कमी होती. भाऊंनी कागद उचलले, मुलीचा हात धरला. तिच्या मुठीतला फोन पुन्हा थरथरला आणि ती एकदम बोलायलाच लागली, अडखळत, अर्धंमुर्धं, चुकतमाकत. भाऊ चौकीच्या पायरीपर्यंत तिच्याकडे बघत चालले होते. त्यांनी तिला एकदाही मध्ये तोडलं नाही.